कॉन्टेस्टमध्ये तासाभरानं एसडब्ल्यूआर चढतो: एंड-फेड तारेचं निदान आणि दुरुस्ती

हौशी रेडिओवाल्यांची (हॅम) तक्रार साधारण अशी असते. ४० मीटर बँडसाठी कापलेली वीसेक मीटर लांबीची एंड-फेड तार (एका टोकाला सिग्नल दिलेली अँटेना), गच्चीवर टाकीच्या कोपऱ्याला तारेला रेडिओशी जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून पंचवीस-तीस मीटर कोॲक्स केबल खाली रेडिओपर्यंत. आठवडाभर संध्याकाळच्या गप्पांना एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३, सगळं झकास. मग सीक्यू वर्ल्ड वाइडचा, म्हणजे शनिवार-रविवारी जगभरची स्टेशनं गाठायच्या स्पर्धेचा, शनिवार उजाडतो. पहाटे साडेपाचला, म्हणजे ०० यूटीसीला (जागतिक वेळ) सुरुवात, पहिल्या तासात स्टेशनं भराभर लॉगमध्ये पडतात, आणि सातच्या सुमाराला काटा २ च्या पुढे. रेडिओ आपणहून पॉवर आवरतो, हाकेला उत्तरं येईनाशी होतात. वैतागून चहाला उठावं आणि अर्ध्या तासानं परत यावं, तर पुन्हा १.३. पुढच्या कॉन्टेस्टला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

यात तार छाटणं किंवा मध्ये ट्यूनर (रेडिओजवळ जुळवणी करणारं खोकं) घालणं हा उपाय नाही. ट्यूनरनं रेडिओची समजूत निघते, दोष वर गच्चीवर तसाच तापत राहतो. आधी काटा नेमका कसा वागतो ते बघायचं, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

काटा कसा चढतो?

संथ चढला आणि प्रक्षेपण थांबवल्यावर तितकाच संथ उतरला, तर काहीतरी तापतंय. टप्पकन उडी मारून लगेच परत आला, तर कुठेतरी ठिणगी उडते आहे किंवा सांधा सैल आहे. तुम्ही बोलत असा-नसा, पहाटे जास्त आणि ऊन वर आलं की कमी असं असेल, तर दव, पाणी किंवा तारेचा झोल. रेडिओला, माइकला किंवा कोॲक्सला हात लावल्यावर बदलत असेल, तर कोॲक्सची बाहेरची बाजू अँटेना झालेली आहे.

दुसरा प्रश्न: कोणत्या बँडवर? (८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर म्हणजे अनुक्रमे ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झच्या आसपास.) फक्त ४० मीटरवर (आणि तार लांब असेल तर ८० वर) चढत असेल, तर संशय ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट कोअरवर. फक्त १५ आणि १० मीटरवर चढत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा (रेडिओकडच्या वेढ्यांवरचा) कपॅसिटर. सगळ्या बँडवर सारखाच चढत असेल, तर कोॲक्स आणि कनेक्टर.

तिसरी गोष्ट काट्यावर दिसत नाही, त्याला नॅनो-व्हीएनए (वारंवारतेनुसार आलेख काढणारं छोटं मोजयंत्र) लागतो. आलेखातला खळगा फक्त डावीकडे सरकला असेल, म्हणजे किमान एसडब्ल्यूआर तेवढाच पण वारंवारता खाली गेली असेल, तर तार ओली आहे किंवा झोल पडून झाडाच्या, पत्र्याच्या जवळ आली आहे. हा दोष नव्हे, हवामान आहे. २० मीटर तारेत २० सेंटिमीटरचा फरक ४० मीटर बँडवर साधारण ७० किलोहर्ट्झ सरकवतो, त्यामुळे पहाटेच्या दवानं खळगा थोडा हलला म्हणून पक्कड घेऊन वर पळू नका. खळगा जागेवर आहे पण उथळ झाला, किमान आकडाच १.३ वरून १.८ झाला, तर मात्र आतली वस्तू बदलते आहे.

गप्पांत न येणारा दोष कॉन्टेस्टमध्येच का?

एक साधा हिशेब पुरतो. ४९:१ च्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एका एफटी२४०-४३ कोअरवर (४३ नंबरच्या फेराइटचं कडं) प्रायमरीचे २ आणि तारेकडच्या सेकंडरीचे १४ वेढे दिलेले असतात. नीट बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्येही दहा-पंधरा टक्के पॉवर उष्णतेत जाते. १५ टक्के धरू.

गप्पांमध्ये तुम्ही एकतृतीयांश वेळ बोलता. एसएसबीत (आवाजाच्या प्रक्षेपणात) कॉम्प्रेसर (आवाजाची सरासरी पातळी वाढवणारा) नसेल तर १०० वॉटच्या शिखराची सरासरी वीसेक वॉट. वेळेचा हिशेब धरला तर ७ वॉट, त्यातला एक वॉट कोअरमध्ये. कोअरला पत्ताही लागत नाही.

कॉन्टेस्टमध्ये एका जागी बसून सीक्यू (सगळ्यांना उद्देशून हाक) देत राहिलात, कॉम्प्रेसर चढवलेला, व्हॉइस कीअर (ध्वनिमुद्रित हाक देणारं यंत्र) दर पाच सेकंदांनी हाक देतोय. प्रक्षेपण ६० टक्के वेळ, सरासरी ५० वॉट. म्हणजे ३० वॉट सतत, कोअरमध्ये साडेचार. सीडब्ल्यूतही (मोर्समध्ये) जवळपास तेवढंच. एफटी८ या डिजिटल प्रकारात १५ सेकंदांच्या खिडकीत १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर आणि पुढची खिडकी शांत, म्हणजे सरासरी ४० वॉटच्या वर. ऑगस्टअखेरीच्या डिजिटल कॉन्टेस्टमध्ये लोकांचे ट्रान्सफॉर्मर आधी बसतात ते यामुळे.

साडेचार वॉट ऐकायला किरकोळ. पण कोअर हवाबंद प्लॅस्टिकच्या खोक्यात, खोकं काळ्या रंगाचं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये सिमेंटच्या गच्चीवर. उष्णता जायला वाट नाही. ४३ नंबरच्या फेराइटचा क्यूरी बिंदू सुमारे १३० अंश सेल्सिअस. कोअर त्याच्या जवळ गेला की चुंबकीय गुण कोसळतो, प्रायमरीचं इंडक्टन्स पडतं आणि रेडिओला ५० ओहमऐवजी जवळजवळ शॉर्ट दिसायला लागतो. त्याआधीच, तापमान वाढेल तसा कोअरमधला ऱ्हास वाढतो आणि त्यानं तापमान आणखी वाढतं. म्हणून पहिले चाळीस मिनिटं काहीच नाही आणि पुढच्या दहात सगळं. थंड झाला की फेराइट मूळपदावर येतो, त्यामुळे दुपारी खोकं उघडून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं.

४० मीटरवर हे आधी का होतं तेही याच हिशेबात आहे. एफटी२४०-४३ वर दोन वेढ्यांचं इंडक्टन्स सुमारे ४.३ मायक्रोहेन्री. ७ मेगाहर्ट्झवर त्याची रिॲक्टन्स (त्या वारंवारतेच्या करंटला होणारा अडथळा) १९० ओहमच्या आसपास. ढोबळ नियम असा की ती ५० ओहमच्या पाचपट, म्हणजे २५० तरी हवी. मुळात जागा कमीच आहे. ३.५ मेगाहर्ट्झवर तर पंच्याण्णवच उरते. ८० मीटरवर दोन वेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरनं कॉन्टेस्ट खेळणं म्हणजे कोअर शिजायला ठेवणंच.

खोकं उघडल्यावर

प्रक्षेपण बंद आहे, रेडिओ मुख्य स्विचवरून बंद आहे आणि खाली कुणी माइकला हात लावणार नाही याची खात्री करूनच उघडा. १०० वॉटला तारेच्या टोकाशी ७०० व्होल्टचं शिखर असतं; भाजतं, आणि आत खोल भाजतं.

कोअर खरंच ४३ नंबरचा आहे का हे आधी ठरवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळणारे टोरॉइड बरेचदा बिनखुणेचे असतात, आणि एसएमपीएसमधून (स्विचिंग पॉवर सप्लायमधून) काढलेला हिरवा रंगवलेला कोअर 'फेराइटच आहे साहेब' म्हणून हातात येतो. माप जुळलं म्हणजे माल जुळला असं नाही. एफटी२४० चा बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर, आतला ३५.५, जाडी १२.७, ४३ चा कोअर बहुधा रंग न दिलेला, काळपट राखाडी. पक्की कसोटी: कोणतीही तार घेऊन १० वेढे द्या आणि एलसी मीटरवर मोजा. १०७ मायक्रोहेन्रीच्या आसपास, वीस टक्के इकडे-तिकडे आलं तर ठीक. पाचशे-हजार मायक्रोहेन्री आलं तर तो पॉवर सप्लायचा मँगनीज-झिंक कोअर, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) तो फक्त गरम होण्याच्या कामाचा. दोन-चार मायक्रोहेन्री आलं तर लोहभुकटीचा, इथे निरुपयोगी.

मग कपॅसिटर. प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावतात तो वरच्या बँडवर एसडब्ल्यूआर सरळ करायला. लोक त्याचं व्होल्टेज बघून घेतात, '३ किलोव्होल्टचा आहे, काय होणार', आणि इथेच फसतात. प्रायमरीवर १०० वॉटला ७१ व्होल्टच असतात. मारतो तो करंट: २८.५ मेगाहर्ट्झवर १०० पिकोफॅरडची रिॲक्टन्स ५६ ओहम, म्हणजे त्यातून सव्वा अँपिअर वाहतो. साध्या निळ्या किंवा तपकिरी सिरॅमिक चकतीत हाय-के माल असतो, तो तापला की त्याची किंमत वाट्टेल तशी पडते. ७ मेगाहर्ट्झवर तोच करंट जेमतेम ०.३ अँपिअर, म्हणून ४० मीटरवर काहीच जाणवत नाही. उपाय स्वस्त आहे: एनपी० प्रकारचे ५६ पिकोफॅरड, १ किलोव्होल्टचे दोन कपॅसिटर समांतर. करंट वाटला जातो आणि किंमत गरमीत हलत नाही. सिल्व्हर मायका मिळाला तर उत्तम.

संशय पडताळायला ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, तारेच्या जागी, २.२ किलोओहम आणि २२० ओहम असे दोन कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर एकापुढे एक लावा, दुसरीकडे नॅनो-व्हीएनए. थंड असताना ७ ते २९ मेगाहर्ट्झ आलेख घ्या. मग केस वाळवायच्या ड्रायरनं आधी फक्त कपॅसिटरवर, नंतर कोअरवर मिनिटभर गरम हवा मारा आणि आलेखाकडे बघत राहा. २८ च्या बाजूला आलेख हलला की चोर सापडला. ड्रायरनं कोअर क्यूरी बिंदूपर्यंत जात नाही, तेव्हा कोअरला निर्दोष ठरवायला ही चाचणी पुरेशी नाही.

आतून खोकं बघताना दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक, तारेच्या नट-बोल्टपासून कनेक्टरच्या अर्थकडे जाणारी केसासारखी काळी रेघ. तो कोळशाचा माग. दमट हवेत ७०० व्होल्टनं प्लॅस्टिकवर रस्ता पाडलाय. टप्पकन उडी मारणारा काटा बहुधा याच रेघेचा. खरवडून भागत नाही, बोल्टची जागा बदला, निदान तीन सेंटिमीटर अंतर सोडा. दुसरं, तळाला साचलेलं चमचाभर पाणी आणि त्याभोवती मुंग्यांनी आणलेली माती. खोकं कितीही 'वॉटरप्रूफ' असो, दिवसाची गरम हवा रात्री आकसते आणि कनेक्टरच्या फटीतून ओलावा आत ओढते. तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यावर नायलॉनची जाळी चिकटवा. बंद खोक्यापेक्षा गळकं खोकं बरं.

दुरुस्ती: नवा ट्रान्सफॉर्मर

१०० वॉट आणि कॉन्टेस्टची चाल असेल तर एका कोअरवर भागवू नका. दोन एफटी२४०-४३ एकावर एक ठेवून नळ बसवायच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपनं घट्ट गुंडाळा. तीन-चार थर पुरेत. कोअरच्या कडा तारेचं इनॅमल खरवडतात, त्यासाठी हे. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून १८ गेजची इनॅमल तार घ्या. दोन कोअरच्या चवडीवर एका वेढ्याला आठ-साडेआठ सेंटिमीटर लागतात, तेव्हा सेकंडरीला दीड मीटर आणि प्रायमरीला ३० सेंटिमीटर कापा. प्रायमरीचे दोन वेढे सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांसोबत पीळ देऊन घ्यायचे, पुढे सेकंडरीचे सात झाले की तार कोअरच्या मधून पलीकडे टाकून उरलेले सात समोरच्या बाजूला. वेढा मोजताना कोअरच्या भोकातून तार किती वेळा गेली ते मोजा, बाहेरून दिसणारे फेरे नव्हे. चौदाऐवजी तेरा किंवा पंधरा होण्याचं कारण ९० टक्के वेळा हेच.

दोन कोअरमुळे इंडक्टन्स दुप्पट, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर रिॲक्टन्स ३८० च्या आसपास, आणि उष्णता पसरायला माल दुप्पट. एकाच कोअरवर ३ आणि २१ वेढे देऊनही खालचे बँड सुधारतात, कोअर नक्कीच कमी तापतो, पण १५ आणि १० मीटरवर एसडब्ल्यूआर बिघडतो, कारण तार लांबली की गळती इंडक्टन्स वाढतं. सूर्यडागांचं चक्र वर असताना १० मीटर हातचा घालवणं परवडत नाही. ८० आणि ४० च खेळायचं असेल तर ३:२१ जरूर करा.

कसोटी हवेत सिग्नल न सोडता करता येते. असे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर बांधा (दुसरा तसाही सुटा भाग म्हणून लागतोच) आणि त्यांची उच्च टोकं एकमेकांना, अर्थ अर्थला जोडा. आता एका बाजूला ५० ओहम आत, दुसऱ्या बाजूला ५० ओहम बाहेर. नॅनो-व्हीएनएनं आरपार ऱ्हास मोजा आणि निम्मा करा. जोडीचा १.४ डेसिबल आला तर एकाचा ०.७, म्हणजे १५ टक्के उष्णतेत. ७ पासून २१ मेगाहर्ट्झपर्यंत एकाचा ०.७ च्या आत ठेवायचा. मग एका टोकाला रेडिओ, दुसऱ्याला १०० वॉटचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), ७.०५ वर ३० वॉट सलग कॅरिअर, झाकणं बंद, १० मिनिटं. एसडब्ल्यूआर हलला नाही आणि बंद केल्यावर कोअरवर बोट टिकलं तर कॉन्टेस्ट निघते. बोट टिकत नसेल तर काही तासांनी वर गच्चीवर तेच होणार आहे.

खोकं मोठं घ्या, फिकट रंगाचं, आणि सावलीत लावा. टाकीच्या उत्तर बाजूला लावलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यानं थेट ऊन लागत नाही. एवढ्या साध्या गोष्टीनंही फरक पडतो.

तापत काहीच नाही, तरी काटा नाचतो

मग कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून करंट परत येतोय. एंड-फेडला दुसरा पाय लागतोच. तुम्ही दिला नाही तर ती कोॲक्सची शील्ड (बाहेरची जाळी) वापरते, आणि शील्डच्या दुसऱ्या टोकाला तुमचा लॅपटॉप असतो. मोठ्यानं बोललं की यूएसबी सुटणं, लॉगिंग सॉफ्टवेअर गोठणं, कीअर अडकणं, माइकच्या जाळीला ओठ लागला की चटका, हे सगळं त्याच घरचं.

कसोटी एका मिनिटाची: रेडिओजवळ दोन-तीन मीटरचा जादा कोॲक्सचा तुकडा जोडा. अँटेना खरी असेल तर एसडब्ल्यूआर जवळपास तेवढाच राहतो. १.३ चा १.९ झाला तर कोॲक्सची लांबी अँटेनाचा भाग आहे.

उपाय चोकचा (शील्डवरचा करंट अडवणारं फेराइटचं कडं), पण जागा चुकली की बिघडतं. एफटी२४०-३१ वर आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे १२ वेढे द्या. हा चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवून लावू नका; तसं केलं की अँटेनाला परतीची वाटच उरत नाही आणि एसडब्ल्यूआर भलतीकडे जातो. ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर लावा. हे दोन मीटर म्हणजे ४० मीटरच्या तरंगलांबीचा विसावा भाग, तेवढी शील्ड दुसऱ्या पायाचं काम करते. किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अर्थला २ मीटरची वेगळी तार लोंबती सोडा आणि चोक जवळ आणा. दुसरा चोक कोॲक्स घरात शिरतो तिथे. पहिला चोक तासाभरानं गरम लागला तर तो काम करतोय पण त्याच्यावर भार फार आहे. दुसरी तार लांबवा किंवा जागा हातभर सरकवून बघा.

कोॲक्स

लवकर आटपू. ट्रान्सफॉर्मर काढून गच्चीवरचं टोक मोकळं सोडा, खालून नॅनो-व्हीएनएनं रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती डेसिबल कमी आहे ते) बघा. सिग्नल जाऊन परत येतो म्हणून आकडा ऱ्हासाच्या दुप्पट. चांगल्या आरजी-५८ च्या ३० मीटरला २८ मेगाहर्ट्झवर एकेरी २.४ डेसिबलच्या आसपास, म्हणजे रिटर्न लॉस ५ च्या जवळ. ८-९ आला तर आत पाणी आहे. यात गंमत अशी की पाणी भरलेल्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर छान दिसतो, कारण परतीचा सिग्नल वाटेतच मरतो. पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला असेल तर आनंद मानू नका. तीच लांबी आरजी-२१३ या जाड कोॲक्सची घेतली तर १० मीटरवर ऱ्हास १.१ डेसिबलवर येतो. कॉन्टेस्टसाठी अँप्लिफायरच्या आधी हा खर्च करावा.

पीएल-२५९ कनेक्टरची शील्ड नुसती दाबून बसवलेली असेल तर ती सैल होणारच. मधल्या पिनेत कथील आतपर्यंत गेलंय का बघा. टोकावर गोळा आणि आत तार मोकळी, हा नेहमीचा प्रकार.

एसडब्ल्यूआर १.३, पण युरोप ऐकत नाही

ही तक्रार वरच्या दुरुस्तीनंतर येते. लॉगमध्ये जपान भरभरून, युरोप तुटक. गुणांचा हिशेब केला तर हे महागात पडतं: सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये भारतातून दुसऱ्या खंडातलं स्टेशन ३ गुण, आशियातला दुसरा देश १, आणि आपल्याच देशातलं शून्य, फक्त मल्टिप्लायर (गुणांच्या बेरजेला गुणणारा आकडा) म्हणून एकदा कामाचं.

कारण बरेचदा तारेची दिशा. तार युरोपला आडवी बांधली की झालं, असं समजून लोक ती ईशान्य-नैऋत्य ताणतात. ४० मीटरवर अर्ध्या तरंगाच्या तारेला ते लागू, तेही ती उंच असेल तर. पण तीच २० मीटरची तार १४ मेगाहर्ट्झवर पूर्ण तरंगाची होते आणि आडव्या दिशेला जवळजवळ काहीच टाकत नाही. तिचे चार पाकळे (सिग्नल जोरात जातो त्या दिशा) तारेच्या रेषेपासून साधारण ५४ अंशांवर असतात. २१ वर ४२, २८ वर ३६ अंश. म्हणजे जिथे युरोप आहे नेमका तिथेच २० मीटर बँडवर खड्डा!

पुण्याहून मध्य युरोप उत्तरेपासून ३२० अंशांवर, जपान ६० अंशांवर. तार जवळजवळ दक्षिणोत्तर, उत्तरेपासून पूर्वेला १४ अंश कललेली बांधा. २० मीटरवर पाकळे ३२० आणि ६८ ला पडतात: एक युरोपवर, एक जपानवर. १५ मीटरवर ३३२ आणि ५६, तरीही पदरात. गच्चीवर होकायंत्राचं ॲप उघडून दोन कोपरे बदलणं एवढंच काम. तार तिरपी उतरती असेल तर हिशेब थोडा बिघडतो, पण मूळ मुद्दा राहतो.

दुसरं कारण विजेचं. १०० वॉटला रेडिओ १३.८ व्होल्टवर वीस-बावीस अँपिअर घेतो. सप्लाय ते रेडिओ ३ मीटर अंतर आणि २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटरमध्ये ०.९ व्होल्ट पडतात. वर फ्यूजहोल्डर तापलेला असेल तर आणखी. आवाज फाटतो आणि समोरचा कॉलसाइन तीनदा विचारतो. मल्टिमीटर सप्लायला नव्हे, रेडिओच्या सॉकेटला लावून 'आऽऽ' म्हणत बघा.

आणि तिसरं, ते तुम्हाला ऐकतात, तुम्हीच त्यांना ऐकत नाही. एसएसबीची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी येते, म्हणजे बरेचदा दिवाळीच्या आसपास किंवा दिवाळीतच. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला, कॉन्टेस्टच्या रविवारीच होतं. सोसायटीतल्या प्रत्येक खिडकीत एलईडीची माळ आणि तिच्या शेपटाला फिल्टर नसलेला ॲडॉप्टर. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट उतरला तर तुमच्याच घरातलं यंत्र, नाही तर शेजारच्यांची माळ. शेजाऱ्याकडे फराळाचं ताट घेऊन जा आणि माळेच्या वायरला क्लिप-ऑन फेराइट लावू द्याल का विचारा. वायरचे पाच-सहा वेढे बसले पाहिजेत, नुसती एक क्लिप लावून काही होत नाही.

मध्यरात्री काटा चढलाच तर

वर जाऊन खोकं उघडू नका. पॉवर १०० वरून ५० करा: समोरच्याला ३ डेसिबल कमी, म्हणजे त्याच्या सिग्नल मीटरवर अर्धा एस-युनिट, पण कोअरमधली उष्णता निम्मी. कॉम्प्रेसर बंद. सीक्यू देणं थांबवून बँडवर फिरत हाका द्या. शोधत फिरताना प्रक्षेपणाचा वेळ दहा-पंधरा टक्क्यांवर येतो आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा गप्पांच्या पातळीला येतो. मल्टिप्लायर तसेही फिरूनच मिळतात.

दिवसासाठी एक बिनट्रान्सफॉर्मरचा डायपोल (मध्यावर कोॲक्स जोडलेली दोन पायांची तार) आधीच टांगून ठेवा. मीटरमध्ये एकूण लांबी म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ: २१.२५ ला प्रत्येक पाय ३.३६ मीटर, १४.१५ ला ५.०५. मध्यावर तोच १२ वेढ्यांचा चोक. दुपारनंतर १५ मीटरवर युरोप उघडतो तेव्हा सीक्यू देत बसायचं ते यावर, एंड-फेड बाकीच्या बँडसाठी. हा डायपोल मात्र खरोखर ईशान्य-नैऋत्य ताणा, म्हणजे त्याची आडवी बाजू ३२० ला येते. सीक्यू डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या कॉन्टेस्टमध्ये ट्रायबँडर (तीन बँडांची एकच अँटेना) आणि एकेरी एलिमेंटच्या अँटेनांसाठी वेगळी वर्गवारीच आहे, तिथे असा संच पूर्ण बसतो.

सोमवारी पहाटे ५:२९ ला शेवटची हाक झाली की झोपायच्या आधी दहा मिनिटं द्या. कोअर गरम असतानाच खाली कोॲक्सला नॅनो-व्हीएनए लावून ७ ते २९ मेगाहर्ट्झचा आलेख साठवा, आणि उठल्यावर, कोअर थंड झाल्यावर, तसाच दुसरा घ्या. दोन्ही एकावर एक ठेवले की ७ च्या बाजूचा फरक कोअरचा आणि २८ च्या बाजूचा कपॅसिटरचा. पहाटे तार दवानं ओली असेल तर गरम आलेखातला खळगा थोडा डावीकडे दिसेल, तो धरायचा नाही. बघायची ती फक्त खळग्याची खोली.